आई-बाबा, गुरुवारी नाशिकला येताना

नाशिक, शनिवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबांना दाखवायचा डॉक्टरांकडचा नंबर गुरुवारी सकाळी साडेदहाचा लागला आहे. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते. आई, हे बाबांना सावकाश वाचून दाखव.

ओपीडीच्या बाहेर बाकावर बसलेली माणसं चांगल्या डॉक्टरांबद्दल काय सांगतात, ते मी रोज ऐकते. "त्यांनी चप्पल काढायला लावली." "उभं करून पुन्हा बीपी बघितलं." "गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली." लक्ष देणारा डॉक्टर असाच ओळखायचा, बाबा. सलाईन लावलं की बरं तपासलं, हे आता मनातून काढून टाका. साध्या मिठाच्या सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. माणसाने अख्ख्या दिवसात 5 ग्रॅमच्या आत मीठ खावं म्हणतात. बीपीच्या माणसाला गरज नसताना ते शिरेतून द्यायचं कशाला?

तुमची खरी तक्रार उठल्यावर येणाऱ्या चक्करेची आहे, आणि नेमकी तीच तुम्ही "थोडा अशक्तपणा आहे" म्हणून गुंडाळता. तसं करू नका. माणूस उभा राहिला की अर्धा लिटरभर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. तेवढ्यात नसा, म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून डोक्याला रक्त कमी पडत नाही. साखर जुनी झाली की या नसा मंदावतात. त्यात लघवीसाठी रात्री घेता ती टॅम्सुलोसिनची गोळी रक्तवाहिन्या सैल करते, आणि बीपीची गोळी वेगळीच. तिन्ही एकत्र आलं की पहाटे मोरीकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टर तुम्हाला 5 मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतील, मग उभं करून 1 मिनिटाने आणि 3 मिनिटांनी पुन्हा घेतील. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर कारण सापडलं म्हणायचं. कोणी नुसतं खुर्चीत बसवून बीपी घेतलं, तर "उभं राहिल्यावर चक्कर येते, उभ्याने बघता का?" असं आपण होऊन विचारायचं. विचारायला लाजू नका.

पडला असाल तर तेही सांगा. गोठ्याजवळ तोल गेला होता, ते आईकडून कळलंय मला. कधी पडलात, त्याआधी काय करत होतात, जेवला होतात का, या तीन गोष्टींवरून डॉक्टरांना खूप कळतं. तोवर रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला पाय जमिनीला टेकवून दोन मिनिटं बसायचं, पोटऱ्या हलवायच्या, मगच उभं राहायचं.

आई, उद्यापासून बुधवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेव. चहा झाल्यावर अर्धा तास थांबायचं. लघवीला जाऊन यायचं. मग पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसायचं, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर बांध. सदऱ्याची बाही वर सारून घट्ट गुंडाळलीस तरी आकडा चुकतो. हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेव. खाली लोंबत राहिला तर बीपी उगाच जास्त दिसतं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घे आणि दोन्ही आकडे लिही. चांगला तेवढाच लिहायचा नाही.

गोळ्यांची पिशवी मात्र विसरू नका. नुसती चिठ्ठी चालत नाही. घरात आहे ते सगळं आणा: चालू गोळ्या, बंद केलेल्या, डोळ्यांचे थेंब, मेडिकलवाल्याने गुडघ्यासाठी दिलेल्या, काढ्याची पुडी. स्ट्रिपचा नाव असलेला भाग शेवटपर्यंत कापू नका. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर दोन वेगळी नावं असतात आणि आत दोन्हीकडे टेल्मिसार्टन हे बीपीचं एकच औषध असतं, असं फार वेळा सापडतं. माणूस बिचारा दुप्पट डोस घेत असतो. गुडघ्यासाठी देतात त्या डायक्लोफिनॅकच्या वेदनाशामक गोळीने बीपी चढतं आणि किडनीवर ताण येतो. आणि आई, काढ्यात ज्येष्ठमध घालतेस ना? ते रोज जास्त पोटात गेलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. घरचं आहे म्हणून सांगायचं राहू देऊ नकोस.

गुरुवारी सकाळी बीपीची गोळी नेहमीच्याच वेळी घ्यायची. "तपासायचंय" म्हणून चुकवली तर डॉक्टरांना खोटा आकडा दिसेल. साखरेची गोळी मात्र उपाशीपोटी रक्त देऊन झाल्यावर, नाश्त्याबरोबर घ्या. गोळी घेऊन उपाशी बसलं की साखर उतरते. घाम, थरथर, छातीत धडधड सुरू झाली तर 3 चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा बघायचं. डबा भरून आण. तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही.

बाबा, चटकन काढता येईल अशी चप्पल घाला. डॉक्टर डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवतील. तो 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो. जिथे तो टेकल्याचं कळत नाही, तिथे बाभळीचा काटा रुतला तरी कळणार नाही, आणि तुम्ही बागेत अनवाणी फिरता! अंदाजाने "हो, कळतंय" म्हणू नका. रोज रात्री आईने तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. पाय शेकायच्या पाण्यात आधी आईचं कोपर, मग तुमचे पाय.

डॉक्टर माझ्याशी बोलू लागले तर मी तुमच्याकडेच बोट दाखवणार आहे. दुखणं तुमचं, तुम्हीच बोला. ऐकू आलं नाही तर मान डोलावू नका, "पुन्हा सांगा" म्हणा. तीन प्रश्न कागदावर लिहून आणा, पहिला चक्करेचा. निघताना आपल्या शब्दांत म्हणून दाखवा: "म्हणजे ही सकाळी अर्धी, ही बंद." चुकीचं समजलं असेल तर तिथेच उघड होतं. आणि एखादी गोळी कमी केली, नवी काही दिलीच नाही, तर फी वाया गेली असं समजू नका. गोळी कमी करायला डॉक्टरला जास्त विचार करावा लागतो.

मागच्या वर्षी दाखल झाला होतात त्याचं डिस्चार्ज कार्ड सापडत नसेल तर त्या हॉस्पिटलात लेखी अर्ज द्या. दाखल पेशंटचे कागद मागितल्यापासून 72 तासांत द्यावेत असा नियम आहे. आधार कार्डही आणा. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यात उत्पन्नाची अट नाही. वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. ओपीडीची फी आणि रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या.

एसटीत तुम्हा दोघांनाही अर्धं तिकीट आहे, बाबांचं वयावर आणि आईचं महिला म्हणून. आठच्या आत निघा. सीबीएसला उतरल्यावर रस्ता ओलांडू नका, मी आत फलाटावरच येते.

तुमची लेक