यंदा माझ्याकडूनही पट्टी घेतली

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल गावाने माझ्याकडून जत्रेची पट्टी घेतली. गेली दोन वर्षं मी पैसे पुढे केले की हात जोडायचे, "नर्सबाई, तुम्ही पाहुण्या." यंदा वहीत घरांच्या यादीत माझं नाव होतं. सगळ्यांएवढीच रक्कम, आणि मंगळवारच्या आत द्या म्हणून बजावूनही गेले. आई, ते गेल्यावर मी दार लावून रडले गं.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, बेटावर राहिल्यासारखं वाटत नाही का? वाटतं. पुढे शिवसागर, कोयना धरणाचं पाणी, मागे जंगल. बामणोलीला जायचं तर लाँच. पण लाँच किती वाजता सुटणार असं इथे कुणी विचारत नाही, पलीकडे कोण कोण गेलंय ते विचारतात. सगळे आले की सुटते. माझी भाजी, चहापूड कुणाच्या तरी मांडीवर बसून येते, आणि पिशवीत काय आहे ते माझ्याआधी गावाला कळतं. याचा फार राग यायचा. मग जानेवारीत मी तापाने पडले. कुणाला सांगितलं नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत तीन घरांतून नाचणीची आंबील आली. तेव्हापासून पिशवीचं तोंड बांधणं सोडलं.

आता पाणी खूप खाली गेलंय, जुन्या गावाचे चौथरे उघडे पडलेत. परवा एका आजींनी हात धरून नेलं, त्यांचा उंबरा दाखवला. धरण झालं तेव्हा निम्मी भावकी लांब उठून गेली, ह्या नुसत्या वर सरकल्या. म्हणाल्या, "तुमच्या सांगलीला हेच पाणी जातं ना?" बरंचसं वीज करून चिपळूणकडे उतरतं, बाकीचं कऱ्हाडला कृष्णेला मिळून आपल्याकडे. २०१९ला आयर्विन पुलापाशी ५७ फूट चढलं होतं, ते सांगितलं. स्वतःचं घर ह्याच पाण्यात गेलेली ती बाई आता रोज विचारते, आई-बाबा कुठल्या मजल्यावर राहतात?

म्हणून सांगते, धान्याचे डबे जूनमध्येच वर न्या. पावसात इथून फोन लागेलच असं नाही. कोयनेचे दरवाजे उचलल्याचं ऐकलंत की पुलापाशी धोक्याच्या ४५ फुटांची वाट बघू नका, मिरजेला मावशीकडे जा.

आणि जत्रेला या. प्रत्येक घरी मुंबईची मंडळी येतात, माझंच घर रिकामं नको. धक्क्यापासून चढ वाढलाय, पण बाबांना खुर्चीत बसवून आणायला पोरं तयार आहेत. बामणोलीला उतरून नर्सबाईंचे आई-बाबा एवढंच सांगा. लाँच थांबेल.

तुमची,
मनू