तुलाच सांगतोय

कुडाळ, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

दोन वर्षं पत्र नाही, काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे. आई बरी, माझी शुगर होती तिथेच.

ओवीला कुत्रं चावलं. चावलं गुरुवारी, आम्हाला कळलं तीन दिवसांनी, मागच्या रविवारी. पोटरीवर दोन दात, वर पावडर थापलेली आणि त्यावर मोजा. आंघोळीला मोजा काढेना म्हणून हिने ओढला. का लपवलंस विचारलं, तर म्हणे, 'वाघीला मारतील म्हणून.'

मला का घाम फुटला ते तुलाच कळेल. मळ्यातलं ते पिल्लू आपल्या दोघांनाही चावलं होतं. तू घरी बोंब मारलीस नि बेंबीभोवती 14 सुया खाल्ल्यास. मी बाही खाली ओढून गप्प. वर तू म्हणालास, 'आता तू भुंकणार.' महिनाभर रोज तांब्यात डोकावायचो, पाण्याची भीती वाटते का बघायला. तुला मात्र सुईगणिक बर्फाचा गोळा! तो राग अजून आहे. ती रेबीजची लस मेंढीच्या मेंदूपासून करायचे म्हणे, 2004 च्या सुमारास बंद झाली. तुझ्या डोक्याचा उलगडा झाला एकदाचा.

डॉक्टर आधी माझ्यावरच उखडले. चावल्याबरोबर 15 मिनिटं नळाखाली साबणाने धुवायचं असतं. रक्त आलेलं, म्हणजे लसही हवी आणि जखमेतच सिरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडं. इथे लस होती, सिरम नव्हतं. रात्री गाडी काढली. विषाणू नसांतून हळूहळू मेंदूकडे सरकतो, त्याआधी लसीने गाठायचं. लक्षणं दिसली की कुणाच्याच हातात काही नाही. ओवी मागच्या सीटवर झोपलेली आणि मी तिचे वाया गेलेले तीन दिवस मोजत होतो.

वाघी पिसाळलेली नसेलही. ओवीने तिचं पिल्लू उचललं होतं. चावल्यावर 10 दिवस कुत्रं धडधाकट राहिलं, तर त्या चाव्याचा घोर नसतो. आज दहावा दिवस. पण शुक्रवारपासून वाघीच गायब. पिल्लं आमच्या पायरीवर कुंई कुंई करतायत.

आणि तिला रोज बांगड्याची डोकी घालणारा मीच. 'खायला घालतोस तर टोचूनही घे,' म्हणालास तेव्हा मी फोन आपटला होता. तुमच्या गोव्यात माणसं जाळ्या घेऊन आळीआळीत फिरतात, 100 तली 70 कुत्री तरी टोचून, रंगाची खूण करून सोडतात. 2021 मध्ये तुमचे मुख्यमंत्री म्हणाले, तीन वर्षांत रेबीजचा एक रुग्ण नाही. तू हे सांगत होतास आणि मला वाटलं, गोव्याची शेखी मिरवतोयस. इथे आळीत दोन पार्ट्या. एक म्हणते मारा, दुसरी म्हणते जीव आहे तो. टोचायला दोघींतलं कुणी हलत नाही. दुसऱ्या पार्टीचा पुढारी कोण, ते विचारू नकोस.

तुझं प्रमोशन झालं कळलं, अभिनंदन. वहिनींचा गुडघा कसा आहे?

आज तिसरी सुई झाली, चौथी 28 व्या दिवशी. परत येताना ओवीने विचारलं, 'बाबा, तुम्हाला चावलंय कधी कुत्रं?' मी नाही म्हटलं.

शिमग्याला येशील तेव्हा तिच्यासमोर तोंड उघडू नकोस. किंवा उघडच. मला जमणार नाही.

तुझा,
बंड्या