सूचना : मेल पाठवताना फॉरमॅट तपासा

सर्व सभासदांना,

काहींना जोडलेल्या फाईलऐवजी 'विनमेल.डॅट' नावाची, न उघडणारी फाईल येते आहे. हा व्हायरस नव्हे. आउटलुकमधून 'रिच टेक्स्ट'मध्ये मेल गेला की सजावट आणि जोडलेल्या फाईली त्या एकाच गाठोड्यात बांधल्या जातात, आणि इतर बऱ्याच मेल प्रोग्रॅमना ते सोडवता येत नाही. तेव्हा आउटलुकवाल्यांनी 'फॉरमॅट टेक्स्ट'मध्ये जाऊन 'एचटीएमएल' किंवा, त्याहून बरे, 'प्लेन टेक्स्ट' निवडावे.

मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर मूळ अक्षरे बहुधा वाटेतच गेलेली असतात. वाचणाऱ्याने खटपट करून उपयोग नाही. पाठवणाऱ्याने एन्कोडिंग (अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत) 'यूटीएफ-८' ठेवून मेल पुन्हा पाठवावा. युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पीडीएफ करूनच जोडा.

आणि रंगीत पार्श्वभूमी? कृपया नकोच.