धरणाचे दरवाजे उघडण्याआधी आमच्या गल्लीला कळू द्या

माननीय पालकमंत्री, पुणे जिल्हा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आभाराचे आहे आणि मागणीचेही. आभार आधी, कारण ते राहून गेले आहेत.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे एकतानगरी, निंबजनगर, विठ्ठलवाडी या भागांत मुठेचे पाणी शिरले, तेव्हा आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, कितीतरी कुटुंबे झोपेत होती. तळमजल्यावरच्यांना जाग आली ती खाटेखाली पाणी आल्यावर. अग्निशमन दलाचे, एनडीआरएफचे आणि लष्कराचे जवान मदतीला आले, बोटी सोसायट्यांच्या दारात लागल्या. त्या माणसांची नावे आम्हाला माहीत नाहीत, तरी रविवारच्या उपासनेत त्यांच्यासाठी प्रार्थना होते. डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत त्याच पहाटे विजेचा धक्का बसून तिघे तरुण गेले. त्यांच्या घरच्यांसाठीही होते.

२८ तारखेच्या रविवारी पाळकांनी बायबलमधले ४६वे स्तोत्र वाचले. समुद्र गर्जला, डोंगर हलले तरी भिणार नाही, असे सांगणारे ते स्तोत्र. ज्यांचे गहू, शेगडी, मुलांचे दाखले चिखलात गेले होते, त्यांचेच 'आमेन' सगळ्यात मोठे होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे नशिबाला शरण जाणे वाटेल. तसे ते मुळीच नव्हते. उपासना संपताच तरुण संघाची मुले फावडी, खराटे घेऊन गल्लीत उतरली आणि शेजारच्या गणेश मंडळाच्या मुलांबरोबर संध्याकाळपर्यंत गाळ उपसत राहिली. भगिनी मंडळाने पिठलंभात केला, जो आला त्याला वाढला. उपाशी भावाला नुसते 'सुखाने जा' म्हणून काय उपयोग, असे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात विचारले आहे. आमच्या मुलांनी त्याचे उत्तर हातांनी दिले. पुढे हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला, लोकांनी नेहमीसारखे धान्य, भाज्या, नारळ आणले. घर नव्याने उभे करणाऱ्यांनीही आणले. आणलेल्या वस्तूंच्या लिलावात एकेका भोपळ्याला जी बोली लागली ती ऐकून मला भरून आले. ते पैसे पूरग्रस्तांच्या शेगड्यांसाठी गेले, त्यात आमच्या मंडळीबाहेरची घरेही होती.

पण महोदय, ही उपकारस्तुती देवाची आहे. ती ऐकून लोक समाधानी आहेत, असे कृपया समजू नका.

त्या दिवशी खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकहून अधिक विसर्ग झाला, म्हणजे सेकंदाला सुमारे १० लाख लिटर. आमच्या ओळखीत कुणालाच हे वेळेवर कळले नाही. आणि कळले असते तरी गाडी हलवायची की म्हाताऱ्या आईला घेऊन घर सोडायचे, हे नुसत्या क्युसेकवरून कोण ठरवणार? पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या पूररेषा, निळी आणि लाल, नकाशावर आहेत. आमच्या भिंतींवर नाहीत.

मंडळीतल्या वयस्कर माणसांना १२ जुलै १९६१ आठवतो. तेव्हा पानशेत धरण फुटले होते. २०२४ मध्ये धरण शाबूत होते, दरवाजे माणसांनी उघडले. पाऊस अफाट होता, धरण वाचवण्यासाठी पाणी सोडावेच लागते, हे आम्हाला मान्य आहे. पण जे माणसाच्या हातून होते, ते आधी सांगता येते.

म्हणून मागणी अशी: किती क्युसेकला कोणत्या गल्लीत पाणी येते, ते तिथल्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या फाटकांवर रंगवून घ्या. विसर्ग वाढवण्याआधी, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत, भोंगा वाजवून सांगा. मोबाइलवरचा संदेश झोपलेल्या आजोबांना उठवत नाही.

आमच्याकडून आम्ही चर्चची घंटा देतो. सूचना आली की कोणत्याही वेळी ती वाजवू आणि वरच्या मजल्यावरचा हॉल सर्वांसाठी उघडू. किल्ली कुणाकडे असते, त्यांचे क्रमांक आपल्या कार्यालयाला लेखी कळवतो. निरोप कोण देणार, त्या अधिकाऱ्याचा क्रमांक पावसाळ्याआधी आम्हाला मिळावा.

आपली नम्र,
सिंहगड रस्त्यावरील एका मराठी मंडळीची सभासद