रद्दी द्या, भिंगं द्या, एका दिवसाची गाडी द्या

कोल्हापूरकर मंडळी, नमस्कार.

श्रावण-भाद्रपदात पन्हाळ्यापलीकडं मसाई पठारावर आपल्यापैकी बरेचजण जातात, फुलांचे फोटो काढून परततात. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या पोरांना मात्र तिथं गुडघ्यावर बसावं लागतं. जांभ्यावर माती असते बोटभर, त्यात नत्र नावालाच. म्हणून दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती चिकट केसांनी किडे धरून खाते. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. पण तो कातळ, खळग्यातलं पाणी, शेजारची गेंद, सीतेची आसवं ही फुलझाडं, हे सगळं एका नजरेत आल्याशिवाय परिसंस्था शिकवायची कशी? आणि आपण ‘पडीक’ म्हणतो ती जमीन राखायची कशाला, हे तरी कसं पटणार? दिवाळीनंतर नेऊन उपयोग नाही, तोवर सगळं वाळून गेलेलं असतं.

यंदा आम्ही दोन सहली काढतोय. एक मसाईला, दुसरी राधानगरी अभयारण्यात. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली, त्यातलं हे एक. लोक दाजीपूरला गवा बघायला जातात, आम्ही झाडं बघायला जाणार (गवा दिसला तर तोंड फिरवणार नाही). वनखात्याची परवानगी आम्ही काढू. अडलंय गाडीभाड्यावर. बरीच पोरं शाहूवाडी, भुदरगड, चंदगडची, खोलीभाडं भरून शिकणारी.

कुणाची मिनीबस असेल तर एक रविवार द्या, डिझेल आमचं. नसेल तर एका पोराचं भाडं उचला. दहापट मोठं दाखवणारी ४० भिंगं हवी आहेत. आणि रद्दी, भरपूर रद्दी! नमुने दाबून वाळवताना पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. गुळगुळीत पुरवण्या तेवढ्या नकोत, त्या पाणी पीत नाहीत. कंदीलपुष्पासारखं दुर्मीळ काही आम्ही उपटणार नाही, फोटो आणि नोंद एवढंच.

घाटाकडच्या गावात झाडांची नावं, औषधं सांगणारे कुणी आजी-आजोबा असतील तर जरूर कळवा. त्यांना मानधन देऊ, गाडीत पुढची सीटही त्यांचीच.

पैसे मंडळाच्या खात्यावरच भरा, पावती मिळेल. रद्दी सुतळीनं बांधून कोणत्याही शनिवारी दुपारी विभागात आणून द्या. हिशोब दसऱ्याला फलकावर लावू.

आपले,
माजी विद्यार्थी मंडळ, वनस्पतिशास्त्र विभाग, कोल्हापूर