टेबल टेनिस सराव : सोमवारपासून बदललेली वेळ

सर्व खेळाडू व पालकांना नमस्कार,

येत्या सोमवारपासून संध्याकाळच्या बॅचला टेबलवरचा सराव आधी आणि व्यायाम नंतर होईल. दमलेल्या पायांनी फोरहँड मारला की सगळा भार खांद्यावर येतो, चुकीची सवय लागते आणि ती मोडायला फार वेळ जातो.

- ५.३० : वॉर्म-अप, दोरीउड्या. उशिरा आलात तरी हे केल्याशिवाय बॅट हातात घ्यायची नाही.
- ५.४५ ते ७.१५ : मल्टिबॉल (एकामागून एक चेंडू टाकून घेतलेला सराव), सर्व्हिस, मग मॅच.
- ७.१५ ते ७.४५ : मंगळवारी व शुक्रवारी स्क्वॉट, लंजेस, प्लँक. इतर दिवशी फक्त स्ट्रेचिंग.

व्यायामाला दांडी मारून घरी जाऊ नका. २०१४ पासून प्लॅस्टिकचा चेंडू आला, त्याला फिरकी थोडी कमी लागते. त्यामुळे पॉइंट लांबतो, आणि तेव्हा पायच कामी येतात.

स्पर्धेआधीचे दोन दिवस पायांचा जड व्यायाम बंद राहील.

गुडघा, खांदा, मनगट दुखत असेल तर लपवू नका, सराव सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षकांना सांगा. हॉलसाठी वेगळे बूट, टॉवेल आणि पाण्याची बाटली आणा.

– सराव समिती