ऑगस्टची रिकामी चौकट

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

या जूनपासून मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. पहिल्याच रात्री आठवड्यांचं नियोजन आखायला बसले आणि 2019 साली तुम्ही आम्हा सगळ्यांना दिलेला, वह्यांच्या तारखा आणि सवलती लिहिलेला पिवळा कागद कपाटातून काढला. तेव्हा म्हणायचं राहून गेलं ते आज सगळ्यांसमोर म्हणते. मनापासून आभार.

त्या कागदावर ऑगस्टच्या पहिल्या दोन आठवड्यांची चौकट कोरी होती. आम्ही विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पंचगंगा पात्राबाहेर पडली की निम्मा वर्ग येऊ शकत नाही. मग वही जमा करायची तारीख तिथं घालायचीच कशाला?" त्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 च्या वर गेलं. चिखलीतून आम्हाला बोटीनं बाहेर काढलं. परत आलो तर माझ्या जर्नलची पानं गाळानं एकमेकांना चिकटून पापडासारखी वाळली होती. दुसऱ्या एका विषयासाठी पुरात सापडल्याचा तलाठ्याचा दाखला आणायला सांगितलं. घरातला गाळ उपसायचा सोडून मी दोन दिवस त्या दाखल्यामागं फिरले. तुमच्याकडं मात्र मला तोंडही उघडावं लागलं नाही. सहापैकी चांगल्या चार वह्या धरायच्या, तीन दिवसांची सवलत दोनदा मिळणार, कारण कुणी विचारणार नाही, हे जूनमध्येच ठरलेलं होतं.

क्षेत्रभेटीच्या अहवालाची तारीख तेवढी तुम्ही हलू दिली नाहीत. तेव्हा राग आला होता. आता वह्यांचा गठ्ठा माझ्यासमोर असतो, तेव्हा कळतं. सगळंच सैल सोडलं असतं तर आम्ही सगळ्या वह्या शेवटच्या आठवड्यात लिहिल्या असत्या आणि पहिल्या वहीत तुम्ही दाखवलेल्या चुका दुसऱ्या वहीत सुधारायला वावच राहिला नसता.

नव्या शैक्षणिक धोरणात वर्षभरानं प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन थांबता येतं, क्रेडिट, म्हणजे मिळवलेले श्रेयांक, जमा राहतात, पुन्हा येता येतं. हे चांगलंच आहे. पण ज्याच्या रानात मंगळवारी अचानक ऊसतोड आली, त्याला वर्षाची नाही, चार दिवसांची सोय लागते. ती धोरणातून येत नाही, ती तुमच्यासारख्या बाईंच्या कागदावर असावी लागते.

माझा कागद तयार आहे. ऑगस्ट कोरा ठेवलाय, गळीत हंगामासाठी एक वही वगळायची मुभा दिलीय. रविवारी घेऊन येते, लाल शाईनं खोडायचं तेवढं खोडा.

आपली विद्यार्थिनी,
प्रयाग चिखली, ता. करवीर